धुरात शिरलेल्या माणसाचे नाव कागदावर येऊ द्या

प्रति,
गृह विभाग आणि नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन;
संचालक, महाराष्ट्र अग्निशमन सेवा;
राज्यातील सर्व जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त

विषय : घराच्या आगीतून जीव वाचवणारे नागरिक आणि अग्निशमन जवान यांच्या शौर्यपदकाच्या शिफारशी

स.न.वि.वि.

घराला आग लागली की आतल्या माणसाला पहिला हात देतो तो बहुतेक वेळा शेजारी. बंब कितीही तत्परतेने निघाला तरी आगीची वर्दी (खबर) मिळणे, गाडी ठाण्याबाहेर पडणे, गल्लीत आडव्या लावलेल्या दुचाकी सारणे, होज (पाण्याची नळी) अंथरून पाणी चालू करणे यात मिनिटे जातात. फोमची गादी पेटलेली दहा बाय बाराची खोली माणसाला तेवढी मिनिटे देत नाही. तीन-चार मिनिटांत छताखालचा धूर इतका तापू शकतो की खोलीतले सगळे सामान एकदम पेट घेते. त्याआधी आत शिरून जो म्हातारीला किंवा लेकराला ओढून बाहेर आणतो, त्याचे पुढे काय होते? चौकात शाल-श्रीफळ मिळते, मोबाइलवर एखादी चित्रफीत फिरते. वर्षभराने त्याच्या भाजलेल्या तळहातांखेरीज त्या कामगिरीची खूण कुठे सापडत नाही. राष्ट्रीय पदकासाठी याचे नाव जायला हवे होते, हे कुणाच्या तरी लक्षात येते तेव्हा जमवायला कागद उरलेले नसतात.

हे पत्र लिहिणारे आम्ही अग्निशमन, जळीत रुग्णांवरचे उपचार आणि महसुली पंचनामे या कामांतले लोक आहोत. नवे पदक काढा असे आमचे म्हणणे नाही. आहे त्या पदकांसाठी शिफारशीचा कागद वेळेत आणि नीट तयार व्हावा, एवढेच मागणे आहे.

आधी नाव हरवते कुठे ते सांगतो. आगीचा अहवाल अग्निशमन दल लिहिते आणि त्याचे घड्याळ वर्दीपासून सुरू होते. वर्दी किती वाजता आली, गाडी कधी निघाली, कधी पोहोचली, किती होज लावल्या, आग कधी आटोक्यात आली, हे सगळे त्यात असते. शेजाऱ्याची कामगिरी घडलेली असते ती गाडी पोहोचण्यापूर्वी. म्हणून अहवालात एक वाक्य येते : ‘दल पोहोचण्यापूर्वी स्थानिक रहिवाशांनी दोन व्यक्तींना बाहेर काढले होते.’ त्या ‘स्थानिक रहिवाशांनी’ या शब्दात माणूस विरघळून जातो. पोलिसांचा जबाब आग कशी लागली याच्या मागे असतो. तलाठ्याच्या पंचनाम्यात भांडी, धान्य, कपडे, रोकड, पत्रे असे सगळे मोजले जाते, कारण त्यावर मदत ठरते. रुग्णालयाच्या कागदावर वाचवणाराही ‘भाजलेला रुग्ण’ एवढाच असतो. चार खात्यांचे चार कागद होतात, पण कोणी कोणाला कसे वाचवले याचा रकाना एकातही नाही.

पदकांची सोय तर देशात कधीची आहे. जीवनरक्षा पदक मालिका १९६१ पासून चालू आहे. बुडणाऱ्याला, विजेचा धक्का बसलेल्याला, अपघातात, आगीत, खाणीत अडकलेल्याला वाचवणाऱ्या कोणाही स्त्री-पुरुषाला ते मिळू शकते, मरणोत्तरही मिळते. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. वाचवणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाला अत्यंत मोठा धोका असेल तर सर्वोत्तम जीवनरक्षा पदक, जिवाला मोठा धोका असेल तर उत्तम जीवनरक्षा पदक, आणि स्वतःला गंभीर शारीरिक इजा होण्याजोगी परिस्थिती असेल तर जीवनरक्षा पदक. नावे राज्य सरकारांकडून आणि केंद्रीय मंत्रालयांकडून जातात. घटना जुनी चालत नाही, साधारण दोन वर्षांच्या आतली लागते.

या तीन पायऱ्यांमधला फरक पुन्हा वाचावा अशी विनंती आहे. सगळा निवाडा ‘धोका किती होता’ यावर आहे. दिल्लीत बसलेल्या समितीने ती खोली पाहिलेली नसते, धूर पाहिलेला नसतो. तिच्यासमोर असतो तो फक्त जिल्ह्यातून गेलेला कागद, आणि त्यावर बहुधा असे वाक्य असते : ‘सदर इसमाने स्वतःच्या जिवाची पर्वा न करता अतुलनीय धाडस दाखवून आगीत उडी घेतली व प्राण वाचवले.’ या वाक्यावरून समितीला काहीही ठरवता येत नाही, कारण हेच वाक्य शंभर प्रकरणांत जसेच्या तसे असते.

त्याऐवजी कसे लिहावे, त्याचा काल्पनिक नमुना देतो. ‘पत्र्याची खोली, १० बाय १२ फूट, दार एक, खिडकीला पक्के गज. दुपारी २.१० च्या सुमारास फोमची गादी पेटली. धूर जमिनीपासून सुमारे दोन फुटांपर्यंत उतरलेला. दारापासून चार फुटांवर १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर, रेग्युलेटर चालू. खाटेखाली पाच वर्षांचे मूल. शेजारीण पहिल्यांदा आत गेली, रेग्युलेटर बंद करून सिलिंडर बाहेर ओढला, सुमारे अर्धा मिनिट. दुसऱ्यांदा पोटावर सरपटत खाटेपर्यंत गेली, मुलाला पायाला धरून बाहेर ओढले. त्यानंतर दोन मिनिटांच्या आत छत कोसळले. तिचे दोन्ही तळवे व डावा कोपर भाजला.’ यात गौरवाचे एकही विशेषण नाही, तरी धोका किती होता हे वाचणाऱ्याला कळते.

यातली प्रत्येक बाब का विचारायची, तेही सांगायला हवे, कारण जबाब घेणाऱ्याला आगीचे शास्त्र शिकवलेले नसते.

धुराची उंची सगळ्यात महत्त्वाची. घराच्या आगीत माणसे ज्वाळेपेक्षा धुराने जास्त मरतात. गादी, सोफा, पडदे जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि फोमपासून हायड्रोजन सायनाइडही निघतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. चार घोट धुरात माणसाचे पाय लटपटतात आणि दार दोन पावलांवर असूनही सापडत नाही. धूर डोक्यावर होता की गुडघ्याला, यावरून आत जाणाऱ्याला श्वास घ्यायला हवा किती होती ते ठरते. ‘आत गेलास तेव्हा वाकून गेलास की सरपटत? समोरची भिंत दिसत होती का? हाताने चाचपत गेलास का?’ असे विचारले की लोक बरोबर सांगतात. ‘धूर किती फुटांवर होता’ असे विचारले तर गोंधळतात.

दार उघडे होते की बंद, आणि कोणी उघडले, हे त्यानंतरचे. बंद खोलीतली आग हवा संपत आल्यावर मंदावते, दार उघडले की भडकते. म्हणून एकाच माणसाची पहिली फेरी आणि दुसरी फेरी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिल्या फेरीत जमिनीलगत श्वास घेता येतो. तो एकाला बाहेर आणतो, दार सताड उघडे राहते, वारा आत जातो, आणि आईसाठी म्हणून तो पुन्हा आत वळतो तेव्हा ती खोली आधीची राहिलेली नसते. मदतीला गेलेली माणसे दगावतात ती पुष्कळदा या दुसऱ्या फेरीत. शिफारशीत ‘दोघांना वाचवले’ एवढेच आले तर ही दुसरी फेरी दिसतच नाही. ती वेगळी लिहा.

गॅस आणि वीज यांचेही तसेच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी पेटू शकतो. ज्याने रेग्युलेटर बंद केला, ज्याने मीटरजवळचा मेन स्विच पाडला, त्याच्यामुळे बाकीच्यांना आत जाता आले. तो चित्रफितीत दिसत नाही, कारण त्या वेळी सगळ्यांचे मोबाइल पेटलेल्या खिडकीकडे वळलेले असतात. जबाब घेताना ‘गॅस कोणी बंद केला, लाइट कोणी घालवली’ हे दोन प्रश्न न चुकता विचारावेत.

जुन्या चाळींत आणि नव्या इमारतींत आमचा अनुभव एकच आहे : लोखंडी जाळ्या. खिडकीबाहेर काढलेला पिंजरा पक्का वेल्ड केलेला असतो, सेफ्टी डोअरला आतून कुलूप असते आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर. पाइपला धरून दुसऱ्या मजल्यावर चढलेला मुलगा आतल्या माणसाचा हात धरू शकतो, पण त्याला बाहेर काढू शकत नाही. अशा वेळी कोणी छिन्नी-हातोडा आणून गज तोडले, किती वेळ लागला, वाचवणारा कशाला धरून उभा होता, किती उंचीवर होता, हे लिहिले पाहिजे. पडण्याचा धोकाही जिवाचाच धोका आहे.

आता वैद्यकीय कागद. शेजारी म्हणून धावलेला माणूस बहुधा स्वतः रुग्णालयात जात नाही. घरी हात पाण्यात बुडवतो, कोणी टूथपेस्ट लावते, दुसऱ्या दिवशी फोड येतात. (भाजल्यावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी, एवढेच. पेस्ट, शाई, हळद काही नको.) इजेचा दाखला आठवड्याने घेतला तर ‘जुनी जखम’ असा शेरा पडतो. धुराचे तर त्याहून अवघड. आवाज बसणे, नाकात काजळी, खोकल्यातून काळा कफ या खुणा दिवसभरात पुसल्या जातात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही त्याला ऑक्सिजनचे वाटते, आकडा अठ्ठ्याण्णव येतो आणि माणूस ‘ठीक आहे’ म्हणून घरी पाठवला जातो. म्हणून आग विझल्यावर पोलिसांच्या ठाणे अंमलदाराने किंवा अग्निशमन दलाच्या स्टेशन ऑफिसरने वाचवणाऱ्यालाही त्याच रुग्णवाहिकेतून पाठवावे, एमएलसी (रुग्णालयातली वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करायला सांगावे, आणि भाजलेल्या भागाची टक्केवारी, जागा व धुराच्या खुणा त्याच दिवशी लिहून घ्याव्यात. यात पदकापेक्षा त्याचा जीव महत्त्वाचा आहे, पण एका कागदात दोन्ही साधते.

जवानांबद्दल थोडे वेगळे बोलावे लागेल. गणवेशातला जवान कर्तव्यावर असताना केलेली सुटका जीवनरक्षा पदकात बसत नाही. तोच जवान सुटीवर असताना शेजारच्या घरात शिरला तर बसते, आणि ही तरतूद कित्येक दलांना ठाऊकही नसते. कर्तव्यावरच्या शौर्यासाठी ‘राष्ट्रपतींचे शौर्यपदक’ आणि ‘शौर्यपदक’ अशी दोन पदके आहेत. २०२३ मध्ये पोलीस, अग्निशमन, गृहरक्षक, नागरी संरक्षण आणि कारागृह सेवांची सोळा पदके एकत्र करून चार केली, त्यातली ही दोन. घोषणा २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला होते. इथेही शिफारशीतल्या भाषेचे दुखणे तेच. ‘कर्तव्यापलीकडे जाऊन’ असे लिहिले म्हणजे झाले असे समजतात, पण कर्तव्य कुठे संपले आणि पुढे तो काय करून गेला, हे कोणी मांडत नाही.

ते मांडायची सोय दलाकडेच असते. बी.ए. सेटचा (पाठीवरच्या श्वसनयंत्राचा) सहा लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरला तर त्यात सुमारे १,८०० लिटर हवा बसते. जड काम करताना जवान मिनिटाला साठेक लिटर हवा ओढतो, म्हणजे अर्धा तास. दाब ५५ बारच्या आसपास आला की शिटी वाजते, तेव्हा हातात पाचेक मिनिटे उरतात. बाहेर एंट्री कंट्रोल बोर्ड (आत जाणाऱ्या-येणाऱ्या जवानांच्या नोंदीचा फलक) नीट ठेवला असेल तर जवान किती वाजता आत गेला, किती दाबावर गेला, किती दाबावर बाहेर आला हे आकड्यांत मिळते. शिटी वाजल्यावरही तो बेशुद्ध माणसाला ओढत होता का, हे त्यावरून सिद्ध होते. जोडीदार कोण होता, भिंतीला डावा हात ठेवून शोध घेतला की उजवा, न्हाणीघर, खाटेखाली, कपाटामागे पाहिले का (घाबरलेली मुले तिथेच लपतात), पाण्याची लाइन सोबत होती की नाही, हे सगळे स्टेशन डायरीत त्याच रात्री यावे. बोर्डच ठेवला नसेल तर पुढे कितीही सुंदर मराठीत लिहा, पुरावा नाही.

आणि एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. जवान बी.ए. सेटशिवाय आत गेला असेल तर त्याची शिफारस जरूर करा, पण तिच्यासोबत दुसरा कागद निघाला पाहिजे : सेट का नव्हता? गाडीवर नव्हता, सिलिंडर भरलेला नव्हता, मास्क गळका होता, की तीन जवानांत एकच सेट होता? शौर्याच्या गौरवाखाली साधनांची उणीव झाकली जाऊ नये. आपला मास्क काढून अडकलेल्याला लावला, ही गोष्ट वाचायला हृद्य वाटते. प्रशिक्षणात आम्ही तेच करू नका म्हणून शिकवतो, कारण विषारी धुरात वाचवणारा कोसळला की दोन्ही जीव जातात. त्यासाठी अडकलेल्याच्या डोक्यावर चढवायचा वेगळा रेस्क्यू हूड असतो. तो गाडीवर असावा, ही शासनाची जबाबदारी आहे.

महाराष्ट्राला या विषयाचे मोल कोणी समजावून सांगायची गरज नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. ९ मे २०१५ ला काळबादेवीतल्या जुन्या इमारतीची आग विझवताना ती कोसळली आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई हे चार अधिकारी आपण गमावले. मोठ्या शहरांतली अशी नावे निदान लोकांच्या तोंडी राहतात. लहान नगरपरिषदेच्या एकुलत्या एका बंबावर काम करणारा कंत्राटी फायरमन भाजला तर त्याची नोंद कंत्राटदाराच्या हजेरीपटावर ‘गैरहजर’ अशी होऊ शकते. जिल्ह्याच्या शिफारशीत नाव घालताना नेमणुकीचा प्रकार पाहू नये. कोणते पदक लागू होते ते पुढे ठरेल, नाव तरी वर जाऊ द्या.

मुलांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. परळच्या क्रिस्टल टॉवरला २२ ऑगस्ट २०१८ ला आग लागली तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीने धुरात अडकलेल्या १७ जणांना वाचवायला मदत केली आणि पुढे तिला भारतीय बालकल्याण परिषदेचा राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ती आगीत शिरली नव्हती. तिने लोकांना शांत केले, ओल्या कापडाचे तुकडे नाका-तोंडावर धरून श्वास घ्यायला लावला. शाळेत शिकलेले तिला वेळेवर आठवले. ओले कापड काजळी अडवते, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, हेही मुलांना सांगितलेच पाहिजे. पण गौरवपत्रात ‘काय केले’ हे स्पष्ट असले की दुसरी मुले योग्य तेच शिकतात. नुसते ‘आगीशी झुंज’ असे छापले तर चुकीचे शिकतात.

बाहेरच्या देशांतले एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. अमेरिकेत पिट्सबर्गला १९०४ पासून कार्नेगी हीरो फंड आहे. तो अमेरिका आणि कॅनडातल्या सामान्य नागरिकांना पदक देतो, तिथेही घटना दोन वर्षांच्या आतली लागते. फरक असा की प्रत्येक प्रकरण तो स्वतःच्या तपासनीसांकडून पडताळून घेतो, आणि वाचवणारा गेला तर त्याच्या कुटुंबाला आर्थिक आधार देतो. आपल्याकडे वेगळे तपासनीस नेमायची गरज नाही. तलाठी, ठाणे अंमलदार आणि स्टेशन ऑफिसर असे तीन तपासनीस प्रत्येक आगीच्या जागी त्याच दिवशी हजर असतातच. त्यांच्या हातात एक पान द्यायचे आहे.

ते पान असे असावे. आगीच्या अहवालाला ‘बचाव नोंद’ म्हणून जोडलेले, दोन्ही बाजूंनी छापलेले. वर सांगितलेले प्रश्न, खोलीचा हाताने काढलेला नकाशा, दार, खिडकी, आग, सापडलेला माणूस यांच्या जागा आणि पावलांत मोजलेले अंतर. वाचवणारा आणि वाचवलेला यांचे पूर्ण नाव-पत्ता, दोघांचे नाते, दोन प्रत्यक्ष साक्षीदार, त्यातला एक तरी नात्याबाहेरचा. जागेचे फोटो ढिगारा उपसण्याआधी. हे ४८ तासांत स्टेशन ऑफिसरने भरावे. जिथे दल नाही तिथे तलाठ्याने. पंधरा दिवसांत वैद्यकीय कागद जोडून तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी तीन महिन्यांत शिफारस करावी किंवा का करत नाही ते लेखी कळवावे. दोन वर्षांची मुदत मोठी वाटते, पण फाइल पाच टेबलांवर प्रत्येकी चार महिने थांबली तर वीस महिने तिथेच जातात.

बाहेर काढलेला माणूस चार दिवसांनी रुग्णालयात दगावला तर शिफारस थांबवू नका, असेही एक सांगणे आहे. साठ टक्के भाजलेल्या माणसाचे पुढे काय होईल हे वाचवणाऱ्याच्या हातात नसते. राष्ट्रीय पदकात ते बसले नाही तर जिल्ह्याने स्वतःचे सन्मानपत्र द्यावे, आणि वाचवणाऱ्याच्या उपचारांचा खर्च, बुडलेल्या मजुरीसह, पदकाची वाट न पाहता द्यावा. हाताची बोटे आखडली की विणकाम, गवंडीकाम, शिवणकाम सगळे थांबते. त्वचारोपण आणि फिजिओथेरपी सहा-सहा महिने चालते.

यात तातडीचे काम एक आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कारखान्याच्या तळावर पाचट आणि ताडपत्रीच्या कोप्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात, चूल दारातच असते, पहाटे मोठी माणसे फडात गेली की आत मुले आणि म्हातारी. एक कोपी पेटली की ओळच्या ओळ काही मिनिटांत जाते, आणि लेकरे बाहेर काढणारी असते शेजारच्या कोपीतली बाई किंवा बारा-तेरा वर्षांची बहीण. हंगाम संपला की टोळी आपल्या गावी परत जाते, वाचवणारी एका जिल्ह्यात, साक्षीदार दुसऱ्या, आग लागली तो तळ तिसऱ्याच. तेव्हा हंगाम सुरू होण्याआधी कारखान्यांच्या शेतकी अधिकाऱ्यांना आणि त्या त्या सज्जाच्या तलाठ्यांना हे पान पोहोचवा, आणि जबाब तळावर असतानाच घेतले जातील असे लेखी आदेश काढा.

आपले,
अग्निशमन, जळीत उपचार आणि महसूल कामातील काही जण